आगाखानांचं तिकीट आणि गोव्याचा पावसाळा

पाकिस्तानच्या टपाल खात्याने १९७७ मध्ये तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह यांच्या जन्मशताब्दीनिमित्त दोन रुपयांचं तिकीट काढलं. तिकीट दुर्मीळ नाही. कुणी ‘रेअर, रेअर’ म्हणत भाव चढवत असेल तर तिथून सरळ निघावं. खरी पंचाईत पुढे होते. पाठीवर मूळ गोंद असलेलं असं तिकीट पणजी, मडगाव किंवा फोंड्याच्या घरात पाच-सहा पावसाळे धड काढत नाही. म्हणून मिळवण्याबद्दल थोडं, आणि टिकवण्याबद्दल व मांडण्याबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी माणूस. आगाखान हे निझारी इस्माइली शिया पंथाच्या इमामांचं पद. सुलतान महंमद शाहांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला. वडील, म्हणजे दुसरे आगाखान, १८८५ मध्ये पुण्यात वारले आणि आठ वर्षंही पुरी न झालेला मुलगा ४८वा इमाम झाला. १९३६ मध्ये मुंबईत त्यांची सोन्याने तुला झाली. १९४६ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली, तेव्हा वजन भरलं सुमारे ११० किलो. तुलेचा थाटमाट सगळ्यांना आठवतो. तो पैसा पुढे समाजाच्या संस्थांकडे वळवला गेला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पूर्व आफ्रिकेतला डायमंड ज्युबिली इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट त्यातूनच उभा राहिला. अलीगढच्या कॉलेजचं विद्यापीठ व्हावं म्हणून देशभर निधी गोळा करण्यात ते पुढे होते. १९३७ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांआधीच्या लीग ऑफ नेशन्सच्या, आमसभेचे अध्यक्ष झाले. ११ जुलै १९५७ रोजी जिनिव्हाजवळच्या व्हेर्स्वा इथे त्यांचं निधन झालं, आणि दफन इजिप्तमधल्या अस्वानला झालं.

मराठी माणसाला आगाखान ठाऊक असतात ते पुण्याच्या पॅलेसमुळे. नगर रस्त्यावरचा हा वाडा १८९२चा. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला काढला, असं सांगतात. गांधीजी ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ तिथेच स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला तिथेच गेल्या. वाडा १९६९ मध्ये देशाला भेट दिला तो नातवाने, चौथे आगाखान करीम यांनी. हे करीम आगाखान १९५७ पासून इमाम होते. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याची डागडुजी आणि सुंदर नर्सरी ही त्यांच्या न्यासाने केलेली कामं. २०१५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये ते वारले. लिस्बन म्हटलं की गोव्यात कान टवकारतात, म्हणून सांगून ठेवतो: पोर्तुगालमधले बरेचसे इस्माइली मोझांबिकमार्गे तिथे गेले, आणि त्यांचे पूर्वज गुजरातच्या बाजूचे.

घेताना

२ मे २०२५ च्या अधिसूचनेने पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तिथून येणाऱ्या सगळ्या मालाच्या आयातीवर भारताने बंदी घातली, थेट येवो की दुसऱ्या देशातून फिरून येवो. लगोलग दोन्ही देशांमधली टपालाची देवाणघेवाणही थांबवली गेली. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर पाकिस्तानी तिकीट दिसलं, चार डॉलरला पडतंय, म्हणून मागवू नका. कस्टमने लिफाफा अडवला तर तिकीटही जाईल आणि पैसेही. भारतातल्या जुन्या संग्रहांतून ही तिकिटं आधीपासून फिरताहेत, ती घ्यावीत. सत्तरच्या दशकातले संग्रह मोडले जातात तेव्हा पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ असे गठ्ठे एकत्र निघतात, आणि हे तिकीट बहुधा त्यातच सापडतं.

विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: समोरून, पाठीमागून, आणि पाठ तिरकी धरून उजेडात. तिसरा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. मूळ गोंद असलेल्या पाठीवर तिरक्या उजेडात सलग चमक दिसते. मध्येच चौकोनी मंद डाग असेल तर तिथे कधीतरी हिंज, म्हणजे तिकीट वहीत चिकटवायची गोंदाची छोटी कागदी पट्टी, लावलं होतं. अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या दिसल्या तर घामेजल्या हाताने तिकीट उचललं गेलं आहे. आरशासारखी पाठ कोपऱ्यांकडे एकदम निस्तेज झाली असेल तर ते कुठेतरी चिकटून सुटलेलं आहे. गोंद चमकतोय पण तिकिटाच्या कडेच्या दातांच्या टोकांवरही उतरून ती टणक झाली असतील, तर गोंद नंतर फासलेला. मूळ छपाईत आधी कागदाला गोंद लागतो आणि मग दाते पाडतात, त्यामुळे दातांच्या फाटक्या तंतूंवर गोंद नसतो. भिंगातून एक दात नीट पाहिला की निकाल लागतो: तंतू मऊ आणि पांढरे हवेत.

एक मत सांगतो, पटलं तर घ्या. गोव्यात राहणाऱ्याने प्रत्येक तिकीट कोरंच हवं हा हट्ट सोडावा. कोऱ्याचा भाव जास्त, पण तो भाव गोंदाचा असतो, आणि आपल्याकडे पहिला बळी गोंदाचाच जातो. स्वच्छ, हलका, तारीख वाचता येणारा शिक्का असलेलं वापरलेलं तिकीट पावसाळ्यात कुठेही चिकटत नाही आणि संग्रहात अधिक बोलतंही. फर्स्ट डे कव्हरवर, म्हणजे तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेल्या लिफाफ्यावर, बुरशी धरू शकते, पण तिकिटाचा गोंद लिफाफ्यालाच लागलेला असल्यामुळे ती एक काळजी तरी कमी.

‘टपाल तिकीट निघालं’ म्हणजे नेमकं काय निघालं?

धार्मिक नेते, दानशूर व्यापारी, संस्थापक यांच्या बाबतीत हा घोळ वारंवार होतो. वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक मौलानांवर, स्वामींवर किंवा फादरवर तिकीट निघालं. प्रत्यक्षात तीनपैकी एक गोष्ट झालेली असते.

स्मारक तिकीट, म्हणजे कमेमोरेटिव्ह, केंद्रीय टपाल खातं काढतं. ते देशभर विक्रीला येतं, सोबत माहितीपत्रक आणि पहिल्या दिवसाचा शिक्का असतो. यासाठी प्रस्ताव किमान दोन वर्षं आधी जावा लागतो, फिलाटेली (तिकीटसंग्रह) सल्लागार समिती तो पाहते आणि शेवटचा शब्द मंत्र्यांचा. हयात माणसावर तिकीट न काढण्याचा सर्वसाधारण नियम आहे आणि त्याला अपवादही आहेत. पहिला अपवाद आपल्या अण्णांचा: महर्षी धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले तेव्हा, १९५८ मध्ये, ते हयात असताना १५ नव्या पैशांचं तिकीट निघालं. इस्लामी धर्मगुरूंपैकी बरेलीचे इमाम अहमद रझा खान यांच्यावरचं १९९५चं एक रुपयाचं भारतीय तिकीट हे खरंखुरं स्मारक तिकीट. कोणत्याही जुन्या संग्रहात ते मिळून जाईल.

दुसरी गोष्ट ‘माय स्टॅम्प’, २०११ पासून सुरू झालेली. पाच रुपयांच्या बारा तिकिटांचं एक पत्रक, किंमत ३०० रुपये, आणि तिकिटाशेजारच्या कोऱ्या जागेत तुम्ही दिलेला फोटो. टपालाला चालतं, पण ते कुणाच्या सन्मानार्थ सरकारने काढलेलं तिकीट नव्हे. पत्रकाचा मूळ विषय ताजमहाल किंवा राशीचिन्ह असं काहीतरी असतो. तिसरी गोष्ट विशेष कव्हर: लिफाफ्यावर चित्र, त्या दिवसापुरता खास शिक्का, आणि तिकीट मात्र कुठलंही नेहमीचं. दोन्ही गोष्टी जमवण्यात काही गैर नाही. पण कुणी माय स्टॅम्प स्मारक तिकिटाच्या भावाने विकत असेल, किंवा संग्रहाच्या पानावर तुम्हीच त्याला ‘भारत सरकारचं तिकीट’ म्हणत असाल, तर परीक्षक तिथे लाल पेन्सिल लावतीलच.

परदेशी तिकिटांत चौथी भानगड असते. कुणी मोठा माणूस गेला की काही महिन्यांत लांबच्या छोट्या देशांच्या नावाने चकचकीत तिकीटपत्रकं बाजारात येतात. त्यांतली काही त्या देशाच्या टपाल खात्याला ठाऊकही नसतात. २००२ पासूनच्या तिकिटांसाठी जागतिक टपाल संघाची डब्ल्यूएनएस नावाची क्रमांक-नोंदणी आहे. तिथे नोंद सापडली की शंका मिटते. प्रत्येक देश तिथे नोंद करतोच असं नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणजे खोटं असं लगेच ठरवू नये. पण नोंद नाही आणि विक्रेत्याकडे पत्रकांचे गठ्ठे पडलेत, तर हात आखडता घ्यावा.

भारतीय नवी तिकिटं पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या फिलाटेली काउंटरवर मिळतात. दरवेळी फेरी मारायची नसेल तर फिलाटेली डिपॉझिट खातं उघडा, म्हणजे ठरवून दिलेल्या संख्येत तिकिटं टपालाने घरी येतात. मागणी देताना ब्लॉक ऑफ फोर (न फाडलेली चार जोड तिकिटं), पहिल्या दिवसाचा शिक्का, माहितीपत्रक असं प्रत्येक वेगवेगळं लिहा. नुसतं ‘सगळं’ लिहिलं तर काय येईल याचा नेम नाही.

गोंद, दमटपणा आणि डबा

गोंद हवेतलं पाणी शोषतो. बाजूची हवा ७० टक्क्यांच्या वर दमट गेली की तो मऊ पडायला लागतो, आणि कागदावर बुरशी धरायलाही त्याच सुमाराची आर्द्रता पुरते. गोव्यात जून ते सप्टेंबर घरातलं आर्द्रता मोजायचं मीटर ८५-९० दाखवतं. चिऱ्याच्या भिंती पाणी ओढून धरतात, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट आतून खोलीपेक्षाही दमट असतं. कपाट आतल्या भिंतीला, चार-पाच इंच पुढे ओढून ठेवा. अल्बम सगळ्यांत खालच्या कप्प्यात नको. आणि अल्बम आडवे एकावर एक रचू नका. वजनाने तिकीट दाबलं जातं, गोंद मऊ असतो, आणि चवथीपर्यंत ते मागच्या ग्लासीन कागदाला (अल्बममधल्या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाला) पक्कं बसतं. अल्बम पुस्तकासारखे उभे आणि सैल ठेवावेत.

आदर्श आर्द्रता ४५ ते ५० टक्के. त्यासाठी वातानुकूलित खोली लागतेच असं नाही, रबरी कड असलेला हवाबंद डबा पुरतो. साधारण दहा लिटरच्या डब्यात दोन किलो स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वह्या) मावतात. सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, किती लागेल याचा हिशेब असा: ८५ टक्के आर्द्रतेतून ५० वर यायला कागद आपल्या वजनाच्या तीन-चार टक्के पाणी सोडतो, म्हणजे दोन किलोंमागे ६० ते ८० ग्रॅम. सिलिका जेल या पातळीला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी धरतं. म्हणजे २०० ग्रॅम जेल एका खेपेत ५० ग्रॅम पाणी घेईल आणि थकेल. म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांत जेलचा रंग बदलतो आणि लोकांना वाटतं जेल खोटं आहे. तसं नसतं, कागद अजून कोरडा होतोय. जेल बदला आणि मीटर ५० च्या खाली स्थिरावेपर्यंत थांबा. त्यानंतर तेच २०० ग्रॅम, डबा वारंवार उघडला नाही, तर पुष्कळ दिवस चालतं.

हे सगळं सोपं करण्याची वेळ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची दुपार. तेव्हा गोव्याची हवा वर्षात सर्वांत कोरडी असते, कागदाने स्वतःच अर्धं पाणी सोडलेलं असतं. अल्बम त्याच वेळी डब्यात घाला. मे महिन्याच्या शेवटी ढग जमल्यावर घाईघाईने डबा बंद करणं म्हणजे दमट हवा आत कोंडून ठेवणं.

नारिंगी जेल थकलं की हिरवट होतं, निळं गुलाबी होतं. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते अंगाला चांगलं नाही, नारिंगी घ्यावं. पुन्हा वापरायचं तर स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा. त्याहून जास्त तापलं तर रंग जळतो, मग थकलं की नाही ते कळत नाही. मायक्रोवेव्हमध्ये दाणे तडकतात आणि त्यांची पूड अल्बमवर पसरते. जेल कापडी पुरचुंडीत किंवा भोकांच्या डबीत ठेवावं, सुटं कधीही नाही.

उलट टोकाची चूकही होते. हौसेने अर्धा किलो जेल घातलं आणि आर्द्रता ३० च्या खाली गेली की गोंद आकसतो, तिकीट नळीसारखं वळतं आणि गोंदाला बारीक चिरा पडतात. वळलेलं तिकीट बोटाने सपाट करायला गेलात तर चिरेवर कागदही तुटतो. त्याला तासभर खोलीच्या हवेत ठेवा, ते आपोआप उलगडतं. आणि हे सारं ज्या मीटरवर अवलंबून, ते स्वस्तातलं मीटर पाच-सात टक्के सहज चुकतं. त्याची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओली रेतीसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल तर ते पाच कमी दाखवतंय. तेवढं मीटरवर लिहून ठेवा.

पाकिटांचं प्लॅस्टिकही बघून घ्यावं. पीव्हीसीची मऊ, वासाची पानं काही वर्षांत तेलकट होतात आणि छपाईची शाई ओढून घेतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. डांबराच्या गोळ्या नकोत. कसर ही गोंद आणि खळ खाणारी जात, तिच्यासाठी कपाटाच्या पायांशी चिकटपट्टीचे सापळे ठेवले तर तिकिटांना धोका नाही.

चिकटलं तर

ग्लासीनला चिकटलेलं कोरं तिकीट ओढू नये. पृष्ठभाग सोलून निघतो आणि मग त्याला काही किंमत राहत नाही. चपट्या हवाबंद डब्याच्या तळाशी पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर जाळी, जाळीवर तिकीट, ग्लासीनचा तुकडा खाली. उन्हाळ्यात सहा-आठ तास, पावसाळ्यात तीन-चार तास पुरतात. तासाने एकदा पाहत जा. कोपरा चिमट्याने न ओढता उचलला गेला की बाकीचं हळूहळू सुटतं. सुटल्यावर गोंदाची बाजू वर करून अर्धा तास सुकू द्या, मग हलका दाब. घाईने वहीत ठेवलं तर पुन्हा चिकटतं. गोंदाची चमक थोडी जातेच, त्यामुळे विकताना ‘गोंद बिघडलेला’ असं सांगणं आलं.

दोन तिकिटं एकमेकांना चिकटली तर फ्रीझरचा उपाय सांगितला जातो: झिप पिशवीत चोवीस तास, मग गारठलेल्या अवस्थेत अलगद वाकवून सोडवायचं. कोरड्या प्रदेशात तो चालतो. गोव्यात पावसाळ्यात पिशवी उघडताक्षणी तिकिटावर दव धरतं आणि गोंद होता त्याहून ओला होतो. एसी चालू असलेल्या खोलीत, मिनिटभरात काम होत असेल तरच करा, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत थांबा.

बुरशीच्या तपकिरी ठिपक्यांवर ब्लीच किंवा क्लोरामाइनसारखी रसायनं वापरणारे आहेत. ठिपके फिकट होतात, कागद मात्र ठिसूळ होतो आणि गोंद पार जातो. ठिपके असलेलं तिकीट बाकीच्यांपासून वेगळ्या पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवावं. कोरडं झालं की बुरशी वाढत नाही. वर पांढरी लव असेल तर पूर्ण सुकल्यावर, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. उन्हात घालू नका, शाई उडते.

वापरलेलं तिकीट लिफाफ्यावरून सोडवायचं तर साधं गार पाणी, पंधरा ते तीस मिनिटं. गरम पाण्याने काम लवकर होतं आणि शिक्क्याची जांभळी शाईही लवकर पसरते. रंगीत लिफाफ्याचे तुकडे वेगळ्या भांड्यात, कारण त्यांचा रंग सुटतो. विहिरीचं पाणी लोहाने पिवळसर असेल तर ते वापरू नका. सोडवलेलं तिकीट गोंद पूर्ण धुऊन टीपकागदावर पालथं ठेवा, ओलसरपणा गेला की दोन टीपकागदांत जाड पुस्तकाखाली एक रात्र. नवी, स्वतःच चिकटणारी तिकिटं पाण्याने सुटत नाहीत, ती कागदासकट कापून ठेवावीत. आणि पहिल्या दिवसाचा किंवा खास शिक्का असलेलं काहीही भिजवू नये, कव्हर अख्खं ठेवावं.

सोळा पानांची मांडणी

प्रदर्शनाच्या एका चौकटीत ए-फोर आकाराची सोळा पानं बसतात, चार ओळींत चार. एकट्या आगाखानांच्या तिकिटांवर ती भरणार नाहीत, आणि भरूही नयेत. कथा टपालाच्या साहित्यातूनच सांगायची असते, म्हणून आडून येणारी तिकिटं आणि शिक्के शोधावे लागतात. मजा तिथेच आहे.

पहिल्या आगाखानांपासून सुरुवात करायची तर १८६६चा मुंबई हायकोर्टातला, खोजा समाजावरच्या आगाखानांच्या अधिकाराबद्दलचा गाजलेला आगाखान खटला आहे. त्याला १९६२चं मुंबई उच्च न्यायालयाच्या शताब्दीचं तिकीट जोडता येतं. पण त्यावरची इमारत १८७८ मध्ये पुरी झाली, खटला त्या इमारतीत चाललेला नाही. ‘ज्या न्यायालयाने निकाल दिला’ असं लिहा, ‘जिथे निकाल लागला’ असं नको. अलीगढसाठी २२ डिसेंबर २०२० चं विद्यापीठ शताब्दीचं तिकीट. पॅलेससाठी सरोजिनी नायडू आणि कस्तुरबा, दोन्ही फेब्रुवारी १९६४ ची, आणि महादेवभाईंचं १९८३चं. सरोजिनीबाईही तिथे स्थानबद्ध होत्या, त्यामुळे जोडणी ओढूनताणून केलेली वाटत नाही. १९६४ च्या त्या तिकिटांवर किंमत नव्या पैशांत छापलेली आहे, त्याच वर्षी जूनमध्ये ‘नवे’ हा शब्द गेला.

राष्ट्रसंघाच्या पानाला स्वित्झर्लंडची सरकारी तिकिटं उत्तम. १९२२ पासून राष्ट्रसंघाच्या कार्यालयासाठी साध्या स्विस तिकिटांवर ‘सोसिएते दे नासियों’ (राष्ट्रसंघ) असा वरछाप, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर वरून वेगळा मजकूर, मारत. १९३७ च्या आसपासचं, जिनिव्हाचा शिक्का असलेलं एखादं मिळालं तर पान उभं राहतं. इथे सावध राहा: वरछाप खोटा मारणं सोपं. अक्षरं शिक्क्याच्या शाईवरून गेलेली दिसली तर वरछाप नंतरचा. शेवटच्या पानांना व्हेर्स्वा, अस्वान आणि लिस्बन या गावांचे साधे टपाल शिक्के शोधा. चित्र काहीही असो, गावाचं नाव वाचता आलं पाहिजे.

घरात पोर्तुगीज इंडियाची तिकिटं पडलेली असतात म्हणून ती या चौकटीत घुसडण्याचा मोह गोव्यातल्या बहुतेक जणांना होतो. १८७१ पासून १९६१ पर्यंतची ती मालिका स्वतंत्र चौकटीच्या लायकीची आहे. आगाखानांशी तिचा धागा नाही.

पानासाठी आम्लरहित, १५०-१६० जीएसएमचा कागद. मजकूर लेझर प्रिंटरवर छापा, इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. मजकुराने पानाचा तिसरा हिस्साही व्यापू नये. माउंट (तिकीट पानावर बसवायचं पारदर्शक पाकीट) तिकिटापेक्षा प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर मोठा कापा. घट्ट कापलेल्या माउंटमध्ये दाते मुडपतात. पाकिस्तानी तिकीट पानाच्या मध्यावर एकटं ठेवलं तरी चालेल. त्याच्या पाठीवर मूळ गोंद असेल तर माउंटची मागची बाजू वर-खाली उघडी असलेली निवडा, हवा खेळती राहते.

पानं प्रदर्शनाला नेताना शेवटची अडचण येते. पावसाळ्यात गोव्यातला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या पाण्याचं दव व्हायला लागतं तो आकडा, २४-२५ अंशांच्या घरात असतो. २२ अंशांवर ठेवलेल्या एसी खोलीतून पानं काढून सरळ हॉलमध्ये उघडलीत, तर थंड कागदावर आणि माउंटच्या आत पाणी धरतं, कधी नुसतं धुकं, कधी थेंब. पानं झिप पिशवीत बंद करूनच बाहेर काढा, हॉलमध्ये पोचल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडू नका, कागद खोलीइतका कोमट झाला की मग चौकटीत लावा. परत येताना उलटी काळजी: हॉलमधून आणलेली पानं त्या दिवशी लगेच डब्यात बंद न करता, ताज्या जेलबरोबर वेगळ्या डब्यात दोन दिवस ठेवा, मीटर ५० दाखवू लागल्यावर मूळ जागी.